नोट जुनी खरी, पण बँक कुठली?

ओहायोतल्या एका घराच्या सामानविक्रीत १९०२ सालची दहा डॉलरची नोट मिळाली. वर ‘नॅशनल करन्सी’ आणि कुठल्याशा गावातल्या बँकेचं नाव आहे. सव्वाशे वर्षांची नोट, किती येतील?

वयावर भुलू नका. १९०२ हे मालिकेचं साल. त्या मालिकेच्या नोटा १९२९पर्यंत निघत होत्या. नोटेवर छापलेला सरकारी शिक्का लाल असेल तर नोट सुरुवातीची, आनंद आहे. निळा असेल आणि मागे ‘१९०२-१९०८’ छापलेलं नसेल, तर तो सर्वांत जास्त सापडणारा प्रकार.

तरी हिरमुसू नका, खरा भाव ठरतो बँकेवर. १८६३ ते १९३५ या काळात सरकारी रोखे तारण ठेवून हजारो बँकांनी स्वतःच्या नावाच्या नोटा काढल्या. नोटेवर ठळक आकड्यांत बँकेचा चार्टर क्रमांक, म्हणजे सरकारी परवान्याचा क्रमांक असतो. तो घेऊन नॅशनल करन्सी फाउंडेशनच्या नोंदीत त्या बँकेच्या किती नोटा शिल्लक आहेत ते बघा. दोन-तीनच असतील, तर खेड्यातल्या बँकेची चुरगळलेली नोटही शिकागोच्या कोऱ्या नोटेला मागे टाकते. कारण घेणारा बहुतेकदा त्याच भागातला असतो. त्याला ‘आपल्या गावची’ नोट हवी असते.

नोट मळकी आहे, सह्याही पुसट. धुऊन इस्त्री केली तर?

अजिबात नको! मोठ्या आकाराच्या या नोटांवर बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर अनेकदा हाताने सही करत. ती शाई आधीच विटकरी होऊन उडालेली असते. मी उमेदवारीत एका नोटेवर खोडरबर फिरवला, डाग राहिला आणि कॅशियरच्या सहीचं शेपूट गेलं. धुतलेला, दाबलेला कागद प्रतवारी करणारे लगेच ओळखतात. घडी, टाचणीची भोकं चालतील, लपवाछपवी नाही.

माझ्या १९२९च्या छोट्या नोटेवर तपकिरी शिक्का आहे, पण बँक ‘फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ शिकागो’. हीसुद्धा त्यातलीच?

नाही, ही चुलत बहीण; गावच्या बँकेची नव्हे, देशाच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतल्या बँकेची. १९३३च्या बँकसंकटात घाईने काढलेली. चार्टर क्रमांकाच्या जागी ‘जी’ हे अक्षर दिसेल. वापरलेली असेल तर दर्शनी किमतीपेक्षा थोडंच जास्त मिळेल.

ऑनलाइन तशाच नोटेला हजार डॉलर मागतायत. मीही तेवढेच मागू?

मागायला कोण अडवतंय? त्याच बँकेची, त्याच प्रतीची नोट लिलावात शेवटी कितीला गेली, तेवढंच धरा.