मोबाईल असताना किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनची जहाजांना गरज काय?

मी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो, आता रत्नागिरीत असतो. तुम्ही विचारलंय की ही स्टेशनं नेमकं करतात काय. मुख्य काम ऐकण्याचं. बोलणं त्यानंतर.

आमच्या वेळी मोर्ससाठी ५०० किलोहर्ट्झ आणि आवाजासाठी २१८२ किलोहर्ट्झ ही संकटाची फ्रीक्वेन्सी. रेडिओ रूममधल्या घड्याळावर चार पाचरी रंगवलेल्या असत, दोन लाल, दोन हिरव्या. काटा लालमध्ये आला, म्हणजे तासाची १५ ते १८ आणि ४५ ते ४८ ही मिनिटं, की ५०० वर सगळ्यांनी हात आवरायचा आणि फक्त ऐकायचं. हिरव्या पाचरी २१८२ साठी, दर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला. एखाद्या बुडणाऱ्या जहाजाचा क्षीण आवाज गोंगाटात हरवू नये म्हणून.

बाकी वेळ हवामान, धोक्याच्या सूचना आणि तारा. बॉम्बे रेडिओ हे मुंबईचं किनारी स्टेशन, कॉल साइन म्हणजे रेडिओवरची ओळख व्हीडब्ल्यूबी, ज्यांच्यासाठी निरोप आलेत त्या जहाजांची यादी ठरल्या वेळी वाचायचं. यादीत आपलं नाव ऐकलं की पोटात गोळा यायचा, कारण घरची तार म्हणजे एकतर बारसं नाहीतर... असो. माझ्या मुलीच्या जन्माची तार मीच माझ्या हाताने उतरवून घेतली.

१ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांच्या संकट-संदेशांची नवी जागतिक व्यवस्था, पूर्णपणे लागू झाली आणि माझ्यासारख्याची पोस्टच उडाली. आता रेडिओवरचं संकटाचं लाल बटण दाबलं की व्हीएचएफ, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओच्या, ७० नंबरच्या चॅनेलवरून जहाजाचा क्रमांक जातो, जीपीएस जोडलेला असेल तर ठिकाणही. बोलायला १६ नंबरचं चॅनेल.

आता मोबाईल. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर जरूर सेव्ह करा. पण किनारा मागे पडत गेला की रेंज जाते, आणि फोन एकालाच लागतो. १६ वर दिलेली हाक टापूतल्या सगळ्या बोटींना ऐकू जाते, आणि बहुतेक वेळा पहिली पोचते ती शेजारची बोटच.

व्हीएचएफची लहर साधारण सरळ जाते, म्हणून सगळी मदार उंचीवर. चार मीटरचा अँटेना असलेल्या दोन बोटी एकमेकींना जेमतेम नऊ सागरी मैलांवरून ऐकतात. तोच समोरचा अँटेना १०० मीटर उंचीवर असेल, तर तुमचा आवाज २५ मैलांवरूनही पोचतो. आपल्या कोकणात किनाऱ्यालगतच उंच सडे, म्हणजे कातळाची पठारं, आहेत, तेवढा फायदा निसर्गानेच दिलाय.

तुम्ही बोटीवर जाणार असाल तर एक सांगतो. बोलून झालं की माईकचं बटण सोडा. इथल्या मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, तो माईक गादीखाली दाबून ठेवला होता. तासभर १६ नंबरवर नुसतं इंजिन आणि खलाशांच्या शिव्या, दुसऱ्या कुणाला तोंड उघडता येईना.