पुण्याहून फेरीबोटीने जाऊन थोडं चालत पोचता येईल असा शांत बीच कुठला?

तुम्ही विचारलंय की शनिवार-रविवारात जाऊन येता येईल, मधे फेरीबोट असेल, आईला झेपेल एवढंच समुद्राकडेनं चालणं असेल आणि पोचल्यावर घोडे, उंट, भेळवाले नसतील अशी जागा सांगा. माझं उत्तर वेळास. आता तुम्ही म्हणाल हे काय नवीन, कासवांचं गाव, निम्मं कोथरूड जाऊन आलंय. खरंय, पण ते सगळे गाडी फेरीत घालतात, थेट गावात उतरतात, पिल्लं बघतात, जेवतात की परत. बाणकोट ते वेळास पायी जाणारं मला तरी कुणी भेटलं नाही आणि मजा तर सगळी तिथेच आहे.

जायचं कसं, तर चांदणी चौक, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि मग हरिहरेश्वरच्या बाजूला. पहाटे पाचला निघालात तर वाटेत मिसळ खाऊनसुद्धा दहा-साडेदहाला बागमांडल्याच्या धक्क्यावर असता. आणि गाडी तिथेच लावा. अगदी मोह होतो की चला ना, गाड्या चढतायत तर आपली पण चढवू, पण एकदा गाडी पलीकडे नेली की तुम्ही चालणार नाही, हे मी स्वतःवरून सांगते. पहिल्या दोन खेपांना मी पण नाहीच चालले.

फेरीबोटीला तिकडे जंगलजेटी म्हणतात. सावित्रीच्या मुखाशी ती दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे सोडते, अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवीला रत्नागिरी. ही तीच सावित्री बरं का, जी महाबळेश्वरला उगम पावते आणि आर्थर सीटवरून आपण जिची दरी बघून फोटो काढतो. इथे तिचं पात्र एवढं रुंद होतं की आमच्या आईने विचारलं, हा समुद्रच ना? मी गेले तेव्हा खाडीत पुलाचे अर्धवट खांब उभे होते आणि त्यावर बगळे निवांत बसलेले. पूल झाला की जंगलजेटीचं काय होईल कुणास ठाऊक, त्याआधी जाऊन या.

वेसवीला उतरून बाणकोटपर्यंत रिक्षा करा, हा टप्पा चालण्यात काही राम नाही. रिक्षावाल्याचा नंबर मात्र घेऊन ठेवा, परत यायला लागतो. बाणकोटचा किल्ला छोटासा आहे, जांभ्या दगडाचा, भोवती खणलेला खंदक, अर्ध्या तासात बघून होतो. १७५५ मधे तो तुळाजी आंग्र्यांकडून इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९चा, त्यामुळे तिच्या नावावरून ठेवलं असं कुणी गाईडगिरी करत सांगायला लागलं तर हसून सोडून द्या. तटावरून एका बाजूला खाडी, समोर हरिहरेश्वरचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र दिसतो.

तिथून वेळासचा रस्ता सुरू होतो. डांबरी आहे, त्यामुळे वाट चुकायचा प्रश्न नाही, समुद्र सतत उजव्या हाताला. रमतगमत आम्हाला सव्वा तास लागला, त्यात आई तीन वेळा बसली, तिचे गुडघे दुखतात म्हणून नाही तर तिला बसून बघायचं होतं म्हणून. खाली काळे खडक, ओहोटीला त्यांच्या बेचक्यात पाणी साचून राहतं आणि त्यात बोटाएवढे मासे, खेकडे, शंख असं सगळं चाललेलं असतं. रस्त्यावरून गाडीने जाताना यातलं काही म्हणजे काहीच दिसत नाही. मग एका वळणावर खडक संपतात, सुरूचं बन येतं आणि त्याच्या मागे वेळासचा किनारा. वर्किंग डेला गेलात तर सगळा किनारा तुमचाच. एक टपरीसुद्धा नाही, पाणी आणि खायचं बरोबर ठेवा. आणि पोहायला उतरू नका, अनोळखी किनारा आहे, लाइफगार्ड कुणी नाही, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहा आणि खूश व्हा.

भरती-ओहोटी बघूनच जा. त्यासाठी ॲप आहेत, पण कोकणातला हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि मग बाराच्या आसपास ओहोटी, म्हणजे तुम्ही चालत असाल त्याच वेळेला खडक उघडे. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाण्याला फार जोर नसतो. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा ते खडकबिडक विसरा आणि हरिहरेश्वरच्या मागची प्रदक्षिणा तर अजिबात करू नका, तिथे लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत.

कासवांचं म्हणाल तर ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात अंडी घालून जातात, एका घरट्यात शंभराच्या पुढेमागे, आणि साधारण ५० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल गर्दी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ही घरटी जपायचं काम २००२ च्या सुमाराला सुरू केलं, त्याआधी अंडी सर्रास उचलली जायची. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लू निघेलच अशी गॅरंटी नाही, आम्ही गेलो त्या संध्याकाळी एकुलतं एक निघालं. ग्लुकोज बिस्किटाएवढं. वाळूवर ठेवल्यावर आधी ढिम्म हललं नाही, मग टुकूटुकू निघालं, पाण्यापाशी पोचलं आणि पहिल्याच लाटेने उचलून परत मागे, उताणं. चाळीस माणसं गप्प. उलटलं, परत निघालं, परत मागे. तिसऱ्या लाटेला गेलं. सगळा प्रकार पंचवीस मिनिटं चालला असेल.

आणि त्या पंचवीस मिनिटांत आमची बोट गेली. म्हणजे रिक्षावाल्याने फोन करून सांगितलं होतं की ताई आत्ता निघा, पण आई हलायला तयार नाही, ते पोचल्याशिवाय मी येत नाही म्हणाली. शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावरच विचारून घ्या, सीझनप्रमाणे बदलते. मग राहिलो गावातच एका घरी. काकूंनी एका शब्दाने विचारलं नाही की बुकिंग आहे का, फक्त म्हणाल्या, भात लावलाय, कुळथाचं पिठलं चालेल ना. अडचण एकच, गाडी खाडीपलीकडे आणि आईच्या बीपीच्या गोळ्या गाडीच्या डॅशबोर्डमधे. मला रात्रभर झोप नाही. सकाळी साडेसहाला घाबरून उठून बघते तर आई मागच्या पडवीत काकूंसमोर विळी घेऊन नारळ खवत बसलेली, नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं मूळ गाव हेच का, याची चौकशी चाललेली.

तेव्हा गाडी बागमांडल्यालाच, पण गोळ्या पिशवीत.