नाशिकरोड‘ला’, नाशिक रोड‘वर’ आणि चर्नीतली गुरं

इंदिरानगरच्या एका ताईंची मुलगी गिरगावात शिकायला गेली आहे. त्या विचारतात : “स्टेशनचं नाव चर्नी रोड की चरणी रोड? आणि त्यातला ‘रोड’ आपल्या नाशिकरोडसारखाच का?” दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्या ‘रोड’पायी माझं डोकं बरेच दिवस तापलेलं आहे.

हल्ली कुणालाही विचारा, उत्तर येतं, “मी नाशिक रोडवर राहतो.” रोडवर? म्हणजे काय, दुभाजकावर चूल मांडली आहे? ‘नाशिक रोडवर’ ढाबा असतो, टोलनाका असतो, झाड पडतं, ट्रक उलटतो. माणूस मात्र ‘नाशिकरोडला’ राहतो. सिन्नरला, ओझरला राहतो तसाच. मुंबईकर ग्रँट रोडला उतरतो, मीरा रोडला फ्लॅट घेतो, तेव्हा तोही ‘ला’च लावतो. ‘ला’ लागला की रस्ता संपला आणि गाव सुरू झालं. एवढं साधं व्याकरण ज्या आजीबाईंना शाळेत न जाता येत होतं, ते त्यांच्या नातवंडांना येईना. त्यात एका निवेदकाच्या तोंडून ‘नाशिक मार्ग स्थानक’ ऐकलं आणि रेडिओ बंद केला.

आता हा ‘रोड’ आला कुठून? रेल्वे कंपन्या रूळ टाकत ते चढउतार, नदी आणि खर्च बघून. वाटेतल्या गावाच्या सोयीसाठी लाइन वाकवायला त्या तयार नसत. मग गाव राही एकीकडे आणि स्टेशन भलतीकडे. अशा स्टेशनाच्या नावाला ‘रोड’ जोडला, की प्रवाशाला कळे : या गावाला जायचंय ना, मग इथं उतरा आणि पुढे रस्त्याने जा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची लाइन जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटर लांबून गेली, म्हणून नाशिक रोड. वसई रोड, डहाणू रोड याच जातीचे. कोकण रेल्वेने तर विसाव्या शतकाच्या शेवटीही संगमेश्वर रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड अशी नावं ठेवलीच.

मधलं अंतर तोडायला नाशिककरांनी १८८९ मध्ये स्टेशन ते मेन रोड अशी घोड्यांची ट्राम आणली. त्या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचा हात होता, आणि याच गृहस्थाने पुढे १८९७ मध्ये बार्शीची छोटी गाडी सुरू केली. ती कुठून सुटे? कुर्डुवाडीहून, जिचं रेल्वेतलं नाव तेव्हा ‘बार्शी रोड’ होतं! बार्शी तिथून तीसेक किलोमीटर. कुर्डुवाडीला पुढे स्वतःचं नाव परत मिळालं. आपल्याकडे उलट झालं. स्टेशनाभोवती छापखाने आले, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला, वसाहती वाढल्या आणि ‘रोड’ हेच एक गाव होऊन बसलं.

मुंबई शहरातले रोड निराळे. तिथं खरोखरचा रस्ता होता आणि त्याच्या नावावरून स्टेशनचं नाव पडलं. ग्रँट रोड हा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा रस्ता. त्याचा मौलाना शौकत अली मार्ग झाला तरी स्टेशन ग्रँटलाच धरून आहे. रे रोड आणि सँडहर्स्ट रोडही गव्हर्नरांचेच. (सँडहर्स्ट रोड स्टेशन दुमजली आहे, खाली मेन लाइन आणि वर हार्बर; नवख्याला हमखास चकवतं.) चर्नी रोड याच गटातला. पण चर्नी नावाचा गव्हर्नर नव्हता, आणि खरी मजा इथंच आहे.

चर्नी म्हणजे चरणी. गुरं चरण्याची जागा. पेरणे-पेरणी, मळणे-मळणी, तसं चरणे-चरणी. हिंदीत चरनी म्हणजे गुरांची गव्हाण. कथा अशी सांगतात, की इंग्रजांनी मैदानातल्या चराईवर कर बसवला, गवळ्यांना तो परवडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी पदरचे पैसे घालून ठाकूरद्वारजवळ समुद्राकाठची कुरणं घेतली आणि गुरांना मोकळी केली. मला ही कथा पटते, कारण जमीन तिला साक्ष देते. मरीन ड्राइव्ह फार पुढचा. त्याआधी वाड्या संपल्या की थोडी मोकळी पट्टी आणि लगेच पाणी. बीबीसीआयने, म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी आणली, ती याच किनाऱ्याने.

आता ‘चेंदणी’वाले. त्यांचं म्हणणं, ठाण्याच्या चेंदणीतले लोक गिरगावात येऊन राहिले, येताना गावाचं नाव घेऊन आले आणि त्याचं चर्नी झालं. इंग्रजी अमदानीत छापून आलेलं मत आहे, म्हणून आमचे काही विद्वान ते डोक्यावर घेतात. मी एकच विचारतो : चेंदणीतला अनुस्वार गेला कुठे, आणि ‘द’चा ‘र’ केला कुणी? असं झालेलं दुसरं एक स्थलनाम दाखवा, मग बोलू. छापील असणं हा ध्वनिनियम नाही.

तिसरे म्हणतात, ठाकूरद्वार जवळ, म्हणून ठाकुराच्या ‘चरणी’. भाबडं आहे. पण गंमत अशी, की हे लोक चुकूनही मूळ धातूच्या फार लांब जात नाहीत. संस्कृतात चर् म्हणजे हिंडणे. ज्याने हिंडायचं तो चरण, हिंडत खायचं ते चरणे, त्यातूनच चराई आणि चारा. संचार, आचार, चरित्र, अनुचर ही सगळी त्याच गोठ्यातली. विचारसुद्धा! म्हणजे अक्कल चरायला जाते ती आपल्या माहेरीच जाते.

राहता राहिला ‘ण’. आपण लिहितो करणी आणि म्हणतो कर्णी. मधला ‘अ’ गिळायची आपल्याला सवयच आहे. साहेबाने कानाने ऐकलं ते बरोबर टिपलं, पण त्याच्या लिपीत ‘ण’ नव्हता. पुढे कुणीतरी इंग्रजी पाटी बघून देवनागरी पाटी रंगवली आणि चर्नी झालं. यात ‘ण’ तेवढा गेला, हे नशीब समजा. आपल्या देवळालीचं काय झालं? मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सोजिरांनी तिचं ‘डूलॅली’ केलं आणि इंग्रजीत त्याचा अर्थ डोकं फिरलेला असा झाला.

तेव्हा ताई, फॉर्मवर पाटीप्रमाणे ‘चर्नी रोड’च लिहू द्या, नाहीतर खिडकीवरचा माणूस परत पाठवेल. बोलताना ‘ण’ बिनधास्त म्हणावा. आणि मुलीला सांगा, दादरहून आली की पूर्वेच्या बाजूने बाहेर पड; पश्चिमेला उतरलीस तर समोर समुद्र, आणि पूल पुन्हा चढावा लागेल.