कानस मोडते, पट्टी वाकते, असं का?

प्रश्न : सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. परवा हातातून कानस निसटली, फरशीवर पडून सरळ दोन तुकडे. एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची (साध्या मऊ पोलादाची) पट्टी मात्र घणाने बडवली तरी नुसती वाकते. दोन्ही लोखंडच ना? आणि त्या तुकड्याची छिन्नी केली तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, मक्याचं कणीस सोललंय ना कधी, दाण्यांची एखादी ओळ मध्येच संपते बघा आणि शेजारच्या ओळी ती जागा भरून घेतात. लोखंडात अणूंचे थर असतात, त्यातही एखादा असाच अर्ध्यात संपतो, त्या जागेला डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो ही चूक आतल्या आत सरकते म्हणून, हे १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी आपापलं वेगवेगळं सांगितलं.

आता क्रॅक. वेल्डिंगच्या आधी तुम्ही क्रॅकच्या टोकाला ड्रिल मारता ना, टोक गोल झालं की तो पुढे पळत नाही. एमएसची पट्टी हेच काम स्वतःचं स्वतः करते, टोकाशी ताण वाढला की तिथून डिसलोकेशन्स सुटतात, टोक बोथट होतं, शिवाय ही सुटलेली मंडळी टोकावरचा ताणही थोडा उतरवतात. काचेत मुळात ओळीच नाहीत तर चूक कुठून सरकणार, म्हणून ग्लास पडला की खळ्ळ.

कानशीची गंमत वेगळीच. तिला पाणी दिलेलं असतं, म्हणजे लाल तापवून झटक्यात थंड केलेलं असतं, त्यामुळे आत डिसलोकेशन्स कमी नाहीत, उलट ठासून भरलेली, पण पोलादात मिसळलेला कार्बन त्यांना हलू देत नाही, पर्वणीला रामकुंडावर माणसं लाखभर आणि पाऊल कुणाचंच उचलत नाही तसं. टोक तीक्ष्णच राहतं, आणि क्रॅक दातांच्या खाचेतून निघून आरपार. तांबट आळीत ठोकून ठोकून कडक झालेला पत्रा लाल होईपर्यंत तापवून घेतात तोही असल्याच गर्दीपायी, नाहीतर कडेला चिरतो.

छिन्नी करा की, पण आहे तशी हातोड्याखाली धरू नका, कपची उडून डोळ्यात जाईल. आधी दात पूर्ण घासून काढा, पृष्ठभाग चकचकीत करा, मग डोक्याकडून तापवत या, तापेल तसे चकचकीत भागावर रंग चढत जातील, आणि धारेपाशी जांभळा रंग पोचला, म्हणजे २८० अंशांच्या आसपास, की लगेच पाण्यात. डोकं जास्त तापल्यामुळे जास्त मऊ राहतं, आणि मार तिथेच बसणार आहे.