बाबांची पंचाहत्तरी, सहा पाहुणे आणि एक सही

आपले पत्र दोनदा वाचले. म्युनिकमध्ये आपण दोघे आणि तीन वर्षांचा मुलगा, महिन्याला हातात येणारे ५,२०० युरो, त्यातून होणारा ४,३०० युरोंचा खर्च आणि टागेसगेल्ड खात्यात, म्हणजे केव्हाही पैसे काढता येणाऱ्या बचत खात्यात, जमलेले १६,००० युरो, असा आपला हिशेब आहे. येत्या १२ सप्टेंबरला, म्हणजे दहा महिन्यांनी, आपल्या वडिलांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. तो दिवस आपल्या घरी साजरा व्हावा आणि आई-वडील, सासू-सासरे, भाऊ व वहिनी यांनी तीन आठवडे राहून बव्हेरिया आणि स्वित्झर्लंड पाहावे, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी आपण १४,५०० युरोंचा अंदाज काढला आहे आणि शिल्लक मोडावी की बँक देऊ करते आहे ते १२,००० युरोंचे कर्ज घ्यावे, असे विचारले आहे.

माझे मत असे, की सगळ्यांना जरूर बोलवावे, कर्ज घेऊ नये आणि शिल्लकही १३,००० युरोंच्या खाली जाऊ देऊ नये. हा आकडा आपल्या तीन महिन्यांच्या खर्चाइतका आहे. एरवी तीन महिन्यांची तरतूद मी नोकरी जाण्याच्या शक्यतेसाठी सांगतो. आपल्या बाबतीत कारण वेगळे आहे आणि ते आपल्या पत्रातल्या एका ओळीत आहे: "सहाही जणांची हमी आम्हीच देणार आहोत."

ही हमी म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयात सही करून द्यायची फेअरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. प्रत्येक हमीपत्रामागे २९ युरो शुल्क, पगाराच्या पावत्या, घराचा करारनामा, खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याचे दोन-चार प्रश्न आणि सही. काम इतके साधे असल्यामुळे बहुतेकांना ती व्हिसाच्या कागदांपैकी एक औपचारिकता वाटते. प्रत्यक्षात जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ६८ नुसार पाहुण्याच्या निर्वाहावर, निवाऱ्यावर आणि आजारपणावर सरकारी तिजोरीतून जो पैसा खर्च होईल, तो परत करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते आणि तिची मुदत पाच वर्षांपर्यंत असू शकते. ही जबाबदारी किती रकमेची, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

म्हणून पहिला बदल असा, की हमी चौघांचीच द्यावी. भाऊ आणि वहिनी दोघेही नोकरी करतात असे आपण लिहिले आहे. त्यांनी स्वतःची बँक खात्याची विवरणे, रजेचे पत्र आणि विमा जोडून अर्ज करावा. आपले निमंत्रणपत्र सोबत असले तरी खर्चाची हमी त्यांची स्वतःची राहील.

आता विम्याकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त काळजी मला तिथे वाटते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनी, स्वित्झर्लंड आणि युरोपातील इतर अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते. आपण सहा जणांच्या विम्यासाठी ३०० युरो धरले आहेत, म्हणजे अट पूर्ण करणारी सर्वात स्वस्त पॉलिसी आपण पाहिली असणार. पण त्याच पत्रात आपण लिहिता, की वडिलांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. स्वस्त पॉलिसींमध्ये आधीपासून असलेल्या आजाराचे उपचार बहुधा वगळलेले असतात. व्हिसा देणारा अधिकारी रक्कम, मुदत आणि प्रदेश पाहतो. आपल्या वडिलांच्या हृदयाला ती पॉलिसी लागू होते का, हे पाहणे त्याचे काम नाही. ते आपले आहे. आपल्या जर्मन आरोग्य विम्यातही त्यांना घेता येणार नाही, कारण सरकारी योजनेतील कुटुंब विमा जोडीदार आणि मुलांपुरता असतो. तेव्हा आधीचा आजार अचानक बळावल्यास उपचारांचा खर्च मिळेल, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेली पॉलिसी शोधावी, वयाची अट वाचावी, शस्त्रक्रियेची माहिती लपवू नये आणि विमा कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे. या बाबीला ३०० ऐवजी ९०० युरो धरा. साऱ्या अंदाजात वाढवावा असा मला हा एकच आकडा वाटतो.

पैसे वाचवायचे कुठे? १६,००० मधून १३,००० बाजूला ठेवले, की ३,००० उरतात. महिन्याला ९०० प्रमाणे दहा महिन्यांत ९,००० जमतील. म्हणजे खर्चायला १२,००० युरो आहेत आणि वाढलेल्या विम्यासह अंदाज १५,१०० चा झाला आहे. भाऊ-वहिनींनी आपले विमानभाडे आणि व्हिसाशुल्क स्वतः भरले तर आपण धरलेल्या दरांनी १,६८० युरो कमी होतात. हे बोलणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. तरीही तिकिटांची चौकशी सुरू होण्याआधी, फोनवर आणि स्पष्ट बोलावे. मोघम ठेवलेले पैसे पुढे नात्यात सलत राहतात आणि मिळवत्या भावाला बाबांच्या वाढदिवसात आपलाही वाटा असावा, असे वाटत नसेल हे मला पटत नाही.

उरलेली कपात स्वित्झर्लंडमध्ये होईल. आठ मोठ्यांच्या चार रात्रींसाठी आपण ३,६०० युरो धरले आहेत आणि त्यात युंगफ्राउयोख हे आल्प्समधले उंच रेल्वे स्थानक आहे. ते स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या पंचाहत्तरीच्या माणसाने तिथे जावे की नाही, हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला हवे. मी ती सहल दोन रात्रींची करून एखाद्या तळ्याकाठच्या गावी मुक्काम ठेवला असता आणि १,६०० युरोंत बसवली असती. उरलेल्या दोन दिवसांसाठी बव्हेरियात पुष्कळ आहे. बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरियातील प्रादेशिक गाड्यांचे तिकीट, एका दिवसासाठी पाच जणांपर्यंत चालते. आठ जणांना दोन तिकिटे पुरतात आणि आपला मुलगा सहा वर्षांच्या आतला असल्यामुळे फुकट येईल. त्यावर प्रादेशिक गाडीने फ्युसेनला जाऊन नॉयश्वानस्टाइनचा किल्ला पाहता येतो. कामाच्या दिवशी हे तिकीट सकाळी नऊनंतरच चालते आणि जलदगती गाड्यांत चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. किल्ल्यापर्यंत चढ आहे आणि आत पायऱ्या आहेत, त्यामुळे ज्येष्ठांपैकी कोणाला खालीच तळ्याकाठी थांबावेसे वाटले तर प्रवेशाची तिकिटे सरसकट सगळ्यांची काढू नयेत.

असे केल्यास एकूण खर्च ११,४२० युरोंवर येतो आणि ५८० युरो हाताशी उरतात. वाढदिवसाच्या समारंभाच्या २,२०० युरोंना मी हात लावलेला नाही. सगळा खटाटोप त्या संध्याकाळसाठी आहे.

तारखांबाबत एक सुचवतो. आपण ५ ते २६ सप्टेंबर असा मुक्काम ठरवला आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑक्टोबरफेस्ट हा म्युनिकचा मोठा बिअर उत्सव सुरू होतो आणि शहरातील भाड्याच्या घरांचे दर कडाडतात. पाहुणे ऑगस्टच्या अखेरीस येऊन उत्सवापूर्वी परतले, तर त्यांच्या मुक्कामाच्या घरभाड्याचे आपण धरलेले २,१०० युरो पुरण्याची शक्यता बरीच वाढते.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो. हमीपत्रही साधारण सहा महिन्यांच्या आत वापरावे लागते, त्यामुळे ते आताच करून ठेवण्याची घाई करू नये. मार्चच्या सुमारास करावे. विमानाचे आरक्षण दाखवावे, परंतु पैसे परत न मिळणारी तिकिटे व्हिसा हाती येईपर्यंत काढू नयेत. आतापासून करण्यासारखे काम म्हणजे वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून प्रवासयोग्यतेचे पत्र आणि औषधांची इंग्रजी यादी मागवणे. विमा कंपनीला प्रश्न विचारताना तेच पत्र सोबत जोडावे आणि तिचे लेखी उत्तर येईपर्यंत हमीपत्रावर सही करू नये.