आधी मोठ्याने म्हण, नाव मागाहून

अगं, काल तुझा मेसेज वाचला. कार्यशाळेत तुझ्या कवितेला कुणीतरी "मात्रा सांडतायत" म्हणालं, तू गप्प बसलीस आणि रात्रभर जागून वृत्त, छंद, यमक, उपमा, उत्प्रेक्षा सगळ्याच्या व्याख्या वहीत उतरवल्यास. ती वही आधी बंद कर. व्याख्या मीही घोकल्या होत्या, पैकीच्या पैकी मार्क पडले आणि कानाला काही म्हणजे काही कळलं नाही.

मोठ्याने म्हण. "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे", मांडीवर ताल धरून. ल म्हणजे लघु, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब. लगागा चार वेळा, १२ अक्षरं, झालं भुजंगप्रयात वृत्त. 'सज्जना'तला स ऱ्हस्व, मग गुरू कसा? म्हणून बघ ना, पुढच्या ज्ज चा आघात त्याच्यावर येतो, जिभेलाच कळतं. आता "सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया" म्हण. इथे लघु-गुरू बघायचेच नाहीत, नुसती अक्षरं मोजायची, ६-६-६-४, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात यमक. अभंगाचा छंद तो हा. मात्रा म्हणजे लघुची १, गुरूच्या २. तुझ्या सांडल्या म्हणजे ओळ लांबली, एवढंच गं! त्यासाठी रडायचं?

उपमा-उत्प्रेक्षा नंतर बघू, 'सारखा' आणि 'जणू' शोधत बसू नकोस.

माझं सांगतो. तुझ्या वयात एका दिवाळी अंकाला गझल पाठवली, मतला, म्हणजे पहिला शेर, होता "पावसात गाव होते, अंगणात फूल होते". परत आली, वर एकच ओळ, "काफिया नाही". 'होते' हा रदीफ, शेवटी तसाच परत येणारा शब्द; त्याच्या आधी गाव-नाव-भाव असं जुळायला हवं, तो काफिया. मी गाव आणि फूल आणून ठेवलेलं. एकदा मोठ्याने म्हटलं असतं तर तिथेच अडखळलो असतो. मी काय केलं, तर रागावलो, आणि पुढची १० वर्षं मुक्तछंदच, वृत्त-मोजणी नसलेली कविताच, कशी खरी हे सगळ्यांना सांगत फिरलो. ती वर्षं गेली ती गेली.

लोक म्हणतात मी मुक्तछंदाच्या विरोधात आहे, हट्टी आहे. हट्टी आहे, हो. विरोधात नाही. मोजता येत नाही म्हणून तिकडे पळू नये एवढंच माझं म्हणणं, कारण मी पळालो होतो आणि मला थांबवणारं कुणी नव्हतं.

तर मोठ्याने म्हण. घरचे हसले तर गच्चीवर जा. रविवारपर्यंत तीच कविता पाठव, प्रत्येक अक्षरावर ल नाहीतर गा लिहून, पेन्सिलने.