जुन्या बेडफर्ड ट्रकला पुढचा अ‍ॅक्सल बदलून दुसरा बसवल्यावर जुना ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) कापून, वेल्ड करून लांब केला तर चालेल का?

नाही, नवाच बनवून घ्या. वेल्डशेजारचा तापलेला भाग खड्ड्यांच्या धक्क्यांनी चिरतो, आणि ड्रॅग लिंक तुटला की स्टिअरिंग हातात राहतं, चाकं नाही. पिटमन आर्मही (स्टिअरिंग बॉक्सवरचा, ड्रॅग लिंक हलवणारा हात) तापवून वाकवू नका. माप असं घ्या: स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवून वेढे मोजा, निम्म्यावर आणा, चाकं सरळ करा, मग ड्रॅग लिंकच्या दोन टोकांच्या बॉलमधलं अंतर. बॉल जॉइंट पुण्यात नाना पेठेत मिळतील, पण टेपर (पिनचा निमुळता उतार) भोकाशी जुळलाच पाहिजे: अमेरिकन बहुधा १:८, मेट्रिक बरेचदा १:१०. न जुळणारा टेपर नट आवळूनही आत डुलतो आणि पिन झिजते. पिनला निळा रंग लावून ती भोकात सगळीकडे टेकते का पाहा. कॅसल नटला (खाचांच्या नटला) तो सुटू नये म्हणून स्प्लिट पिन हवीच. नंतर स्टिअरिंग घट्ट धरून चासी जॅकने ५०-६० मिमी उचला. चाकं वळली तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि ड्रॅग लिंकच्या हालचालीचे कंस जुळत नाहीत. लिंकचं टोक वर-खाली करावं लागेल. टो-इन (चाकं पुढून किंचित आत ठेवणं) सगळ्यात शेवटी, दोन चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडवर.

मात्र नव्या अ‍ॅक्सलचा टाय रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर तो मागेच ठेवा. चाकांचे स्टिअरिंग आर्म उलटे लावून पुढे आणला की वळणावर टायर घासतात.